‘मार खाल्ला म्हणून घडलो’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ‘आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून माणसं झालो. शाळेत गुरुजींचा मार न खाणारं पोर पुढे पोलिसांचा मार खातं. पोरगं पहिल्यांदा उलट बोलेल तेव्हाच थोबाडीत द्या, नाहीतर ते कायमचं हातातून गेलं समजा. कायद्याने शिक्षकांचे हात बांधले आणि पिढी बिघडली.’ माझ्या धाकट्या जावेने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आता हेच करणार.’ तिचा मुलगा नववीत आहे. आता गप्प बसणं मला शक्य नाही.

सगळ्यात घातक आहे ते थोबाडीचं वाक्य, म्हणून आधी तेच घेते. नववीतलं पोरगं ‘का?’ विचारतं, दार आपटतं, ‘क्लासला जाणार नाही’ म्हणतं. थोबाडीत दिली की ते गप्प होतं, हे खरं आहे, पण तेवढ्या संध्याकाळपुरतं. पुढे काय होतं हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आलेला आढावा बघावा. त्यात ६९ अभ्यास एकत्र तपासले आहेत, आणि तेही मुलांना एकदाच पाहून मोकळे झालेले नव्हे, तर पुढेही त्यांच्यावर लक्ष ठेवलेले. ‘मूळचं व्रात्य असतं त्यालाच मार पडतो, मग आकडे तसेच येणार’ हा आक्षेप ठाऊक असल्यामुळेच असे अभ्यास निवडले गेले. निष्कर्ष सरळ आहे. माराने मुलांचं वागणं सुधारल्याचं दिसत नाही, उलट काळाबरोबर आक्रमकपणा आणि वागण्याच्या तक्रारी वाढतात. घर एरवी प्रेमळ असलं तरी यात फरक पडत नाही. जावेसाठी हे मुद्दाम लिहितेय, कारण तिचं म्हणणं असतं, ‘मी मारते, पण जीवही तितकाच लावते.’

आणि मार खाल्लेलं पोर शिकतं तरी काय? पुढच्या वेळी आईला कळू द्यायचं नाही, एवढंच. मोबाइल लपवतं, मार्कांची वही लपवतं, मित्र लपवतं. या वयात एखाद्या मुलाच्या आयुष्यात खरोखर काही वाईट घडत असेल, कोणी त्रास देत असेल, तर त्याने ते घरी येऊन सांगायला हवं ना? ज्या घरात उलट बोलल्यावर हात उठतो तिथे ते कसं सांगणार?

‘कायमचं हातातून गेलं’ हेही खोटं. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली दोन गट वेगळे दाखवले: लहानपणापासून मोठेपणापर्यंत सतत त्रासदायक वागणारी थोडी मुलं, आणि फक्त किशोरवयात नियम मोडून पुढे सावरणारी पुष्कळ. नववीतली बहुतेक भांडखोर पोरं या दुसऱ्या गटातली असतात. माझ्या थोरल्याने दहावीनंतर आमचं एक ऐकलं नाही. सायन्सला घातलं तर कॉलेजला जाईना. घरात महिनोन् महिने वाद झाले, जेवणं अबोल्यात झाली, पण हात उचलला नाही. आज त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि सासूबाईंना दवाखान्यात तोच नेतो. एका घरावरून नियम होत नाही, कबूल. मग ‘आम्ही मार खाल्ला आणि घडलो’ हाही नियम होत नाही. त्याच वर्गात माराच्या भीतीने शाळा सोडलेली पोरंही होती. ती ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत.

पोलिसांचं वाक्य तर ऐकवत नाही. पंधराव्या वर्षी मोहनदास गांधींनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला. त्याआधी चोरून मांस खाणं, विड्या ओढणं झालंच होतं. त्यांनी चिठ्ठी लिहून वडिलांपाशी कबुली दिली आणि शिक्षाही मागितली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. आत्मकथेत गांधींनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आणि छडीचं एवढं कौतुक असेल तर दर १ ऑगस्टला आपण पोरांकडून शेंगांच्या टरफलांची गोष्ट का पाठ करून घेतो? गुरुजींना ‘उचलणार नाही’ म्हणणारा टिळक त्या गोष्टीत आपल्याला आवडतोच ना?

कायद्याबद्दल थोडंच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं. ते २०१० पासून लागू आहे. गृहपाठ पुन्हा करून घेणं, पालकांना बोलावणं, वर्गाचे नियम लावणं, यातलं काहीही त्याने बंद केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. मेसेज लिहिणाऱ्याला जी धास्ती वाटते ती पूर्ण खोटी नाही. काही घरांत पोरांना कशालाच ‘नाही’ ऐकावं लागत नाही, आणि खच्चून भरलेल्या वर्गात एकट्या बाईंची दमछाक होते. मर्यादा हव्यातच. रात्री दहानंतर मोबाइल हॉलमध्ये राहील, हे जावेने ठरवावं आणि तो कितीही आदळआपट करो, रोज तेच पाळावं. क्लासचं मात्र त्याला एकदा नीट विचारावं, नक्की काय झालंय म्हणून.