एकत्र बसायला तास कुठे आहे?
विषयशिक्षक आणि भाषाशिक्षकांनी पाठाचं नियोजन मिळून करावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण वेळापत्रकाचा मुद्दा राहूनच गेला. मुंबईत दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दोघांचा ऑफ, म्हणजे मोकळा तास एकत्र येणं मुश्कील, आणि आलाच तर बदली तास लागतो, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जावं लागतं.

मी परळला सेमी इंग्रजीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून) नववीला विज्ञान शिकवते. घाम सुकताना अंगातली उष्णता घेतो म्हणून गार वाटतं, हे मुलं मराठीत धडाधड सांगतात. 'शास्त्रीय कारणे लिहा' इंग्रजीत लिहायची वेळ आली की कारण एका वाक्यात, परिणाम दुसऱ्यात, मध्ये दुवाच नाही. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी हीच उत्तरं त्यांच्या तासाला 'बिकॉज', 'देअरफोर' वापरून लिहून घेतली, तेव्हा वह्यांत फरक दिसला. मुख्याध्यापकांनी आठवड्याला एक सामाईक मोकळा तास वेळापत्रकातच घालावा आणि त्याला बदली लावू नये.