दार उघडं ठेवायचं म्हणून

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दहा दिवस एकच विषय चालला आहे. भाच्याला दहावीला 91 टक्के मिळाले, त्यात सामाजिक शास्त्रांत 97, आणि त्याला अकरावीला आर्ट्स घ्यायचं आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. पेढ्यांचा फोटो पडून अर्धा तास होत नाही तोच दादाचा व्हॉइस मेसेज आला, "एक्क्याण्णव टक्के पाडून आर्ट्स? पुढे काय दिवे लावणार आहे हा?" मग मामा, काका, वहिनीचे दोन्ही भाऊ, सगळे तुटून पडले. पोराने एकदाच लिहिलं, "मला आवडतं म्हणून." त्याला कुणी उत्तरही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला वेगळा मेसेज केला, "आत्या, तू सांग ना बाबांना."

मी सांगितलं. त्यावर दादाने जे वाक्य टाकलं ते मी इथे कॅनडात, टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानाच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये गाडीत बसून ऐकलं आणि माझी पुढची सगळी सकाळ खराब झाली. "सायन्स घेतलं की दार उघडं राहतं. सायन्सवरून आर्ट्सला कधीही येता येतं, आर्ट्सवरून सायन्सला येता येत नाही."

हेच वाक्य मी 1996 साली नाशिकरोडच्या घरात ऐकलं होतं. तेव्हा दहावी 750 मार्कांची. मला सामाजिक शास्त्रांत 150 पैकी 131 होते आणि विज्ञानात 118. माझी भूगोलाची वही शाळेत सगळ्या तुकड्यांतून फिरायची, कारण गोदावरीचं खोरं मी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून राजमहेंद्रीच्या पुढच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत न बघता काढायची, प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती सगळ्या आपापल्या जागी. बाबा प्रेसमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी आले, मार्कशीट हातात घेतली आणि म्हणाले, "सायन्स. इतिहास-भूगोलावर पोट भरत नाही." विषय संपला. पुढची दोन वर्षं नाशिकरोडहून सीबीएस बसस्थानकापर्यंतच्या सिटी बसमध्ये उभी राहून मी फिजिक्सची सूत्रं पाठ केली. मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग मिसिसॉगा.

मला दादाच्या वाक्याचा राग येतो तो त्यातल्या खरेपणामुळे. दार एकाच बाजूने उघडतं हे खरंच आहे. पण हा दोष दाराचा आहे, भूगोलाचा नाही. आर्ट्सच्या मुलाला परत फिरू न देणारी व्यवस्था आपणच केली, आणि तो परत फिरू शकत नाही म्हणून त्याची शाखा हलकी असंही आपणच म्हणतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी असं स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या ग्रुपवर भिंत शाबूत आहे.

इथे ऑंटारिओत माझी मुलगी बारावीत आहे. शाळा पूर्ण केल्याच्या डिप्लोमाला 30 क्रेडिट लागतात आणि 40 तास समाजसेवा. तिच्या वर्गातला एक मुलगा कॅल्क्युलसबरोबर वर्ल्ड हिस्टरी घेतो आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. एखादा विषय राहिला तर समर स्कूलला करता येतो. कॅनडाचा इतिहास आणि भूगोल सगळ्यांना घ्यावाच लागतो, पुढे डॉक्टर व्हायचं असो की ट्रक चालवायचा असो. अकरा वर्षांत मला इथे कुणी "दहावीला किती टक्के?" असं विचारलेलं नाही, आणि शेजारचा इलेक्ट्रिशियन माझ्यापेक्षा जास्त कमावतो. हे मी ग्रुपवर लिहिलं. जरा जोरातच लिहिलं.

दादा म्हणाला, "तुझं बरं आहे. इथे येऊन बघ." आणि वर, "त्याला कलेक्टर व्हायचं असेल तर आधी इंजिनिअरिंग करू दे, मग यूपीएससी दे म्हणावं."

हे मला कधीच समजलेलं नाही. चार वर्षं मशीन डिझाइन शिकायचं, आणि मग पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून सहावी ते बारावीची एनसीईआरटीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचायची. म्हणजे हे विषय इतके महत्त्वाचे आहेत की जिल्हा चालवायला त्यांच्याशिवाय चालत नाही, फक्त सोळाव्या वर्षी, मुलाला आवडतात तेव्हा, ते शिकायचे नाहीत.

आणि हे कुठे चाललंय तर नाशिकमध्ये! सिन्नर तालुक्यात जोगळटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000हून जास्त नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवलं हे त्या ठोकलेल्या नाण्यांवरून कळतं. 2 मार्च 1930ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी ती घोषणा केली. दार कुणाला उघडं आणि कुणाला बंद, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याइतका कुणी जवळून पाहिला आहे? कांद्याचंच घ्या. कांदा पिकवायला विज्ञान लागतं, मान्य. पण 8 डिसेंबर 2023ला निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावला भाव पडला तो जमिनीतल्या नत्रामुळे पडला का? निफाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र रोज लागतं, शिकवलेलं नसलं तरी.

पण मला खरं बोलायचंय ते पुराबद्दल, कारण ते माझं रोजचं काम आहे.

मी इथे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करते. किती मिलिमीटर पडला, किती मुरला, नाल्याला किती आला, पाणी कुठपर्यंत चढेल, याचे नकाशे. 1954च्या ऑक्टोबरमध्ये हेझल वादळाने टोरंटो परिसरात 81 माणसं गेली. हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्हवरची घरं एका रात्रीत माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर इथल्या लोकांनी नदीकाठच्या जमिनी ताब्यात घेतल्या, पूरक्षेत्रात घर बांधायचं नाही असं ठरवलं आणि तिथे बागा केल्या. आजही आमच्या नकाशावरची पूररेषा हेझलच्या पावसावर बेतलेली असते, 48 तासांत 285 मिलिमीटर. दर शनिवारी मी ज्या हिरवळीवर चालायला जाते तिच्याखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं.

नाशिकला पूर मोजायला आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. रामकुंडाजवळ नदीत उभा. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून सराफ बाजारातला दुकानदार ठरवतो की माल वर न्यायचा की नाही. क्युसेकचा आकडा टीव्हीवर येतो, पण गावाला मारुतीची कंबर कळते. मला हे फार थोर वाटतं. शास्त्राचं मोजमाप आणि माणसांची समजूत एकाच दगडात. 2008च्या पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषेवरून नाशिकमध्ये केवढा गदारोळ झाला. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. ती रेषा आखणं हे माझ्यासारखीचं काम, गणित आलं की जमतं. पण रेषेच्या आत कोण राहतं, का राहतं, उठवलं तर कुठे जाईल, आणि ज्याची मोठी इमारत आहे त्याच्याजवळ रेषा हळूच का वाकते, हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. गोदापात्रातलं काँक्रीट काढायचं की नाही, 2027च्या सिंहस्थासाठी तपोवनातल्या झाडांचं काय करायचं, हे वाद क्युसेकने सुटणारे नाहीत. 2003च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, तेव्हाही कुठला पूल तुटला नव्हता.

हे सगळं मी दादाला लिहिलं. लांबच्या लांब. त्याने रात्री उशिरा एका ओळीत उत्तर दिलं, "तू हे तिथे बसून सांगतेस, कारण तू फिजिक्स घेतलंस."

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. इथली घराची किस्त, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी पाठवलेले पैसे, सगळं त्या सिटी बसमधल्या सूत्रांमधून आलं आहे.

आणि एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही, ती इथे लिहिते.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मुलीला अकरावीचे विषय निवडायचे होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाहेर उणे अठरा. सात विषय भरून झाले होते, आठवा रकाना रिकामा. तिला तिथे मानववंशशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांची ओळख करून देणारा विषय हवा होता. मी म्हटलं, फिजिक्स टाक. ती म्हणाली, मला इंजिनिअरिंग करायचं नाही. मी म्हटलं, "नको करूस, पण दार उघडं राहतं." मराठीतच म्हटलं, दादाच्याच चालीत. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, ज्या दाराने मला जायचंच नाही ते उघडं का ठेवायचं? घरात थंडी येते."

मी फिजिक्स टाकायला लावलं. वर्षभर ती रात्री अकरापर्यंत बसायची आणि सत्तरच्या आसपास अडकायची. मी तिला ट्यूशन लावली. ब्रॅम्प्टनच्या त्या ट्यूशनच्या वेटिंग रूममध्ये सगळे आपलेच आईबाप असतात, आणि बोलणं एकच, टॉप सिक्सची, म्हणजे बारावीच्या सर्वांत चांगल्या सहा विषयांची, सरासरी आणि वॉटरलू विद्यापीठाला किती लागतात. इथे कुणी टक्के विचारत नाही असं मी वर म्हटलं. गोरे विचारत नाहीत. आम्ही विचारतो.

असं का वागले? तिच्याबद्दल मला खात्री होती, तिला जमणार हे माहीत होतं. खात्री नव्हती ती या देशाबद्दल, आपल्याला इथे खरंच ठेवून घेतील की नाही याबद्दल. पासपोर्ट आहे, घर आहे, तरी मनात कुठेतरी असतं की उद्या हिशेब मागितला तर दाखवायला फिजिक्स तरी हवं. समाजशास्त्र घेऊन निवांत बसायला माणूस त्या समाजातला असावा लागतो, असं मला वाटत होतं. मुलीला तसं वाटत नाही. ती इथलीच आहे, मी अजून नाही.

बारावीला तिने स्वतःच फिजिक्स सोडलं आणि समाजबदलाचा विषय घेतला. त्यात घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मोडक्या मराठीत आणि आईच्या मोडक्या इंग्रजीत बत्तीस मिनिटं. ते रेकॉर्डिंग तिने मला गेल्या आठवड्यात ऐकवलं, ग्रुपवर भांडण चालू असताना.

आईचं माहेर सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत. 1969च्या पुरात पाणी घरात शिरलं, ते मला माहीत होतं. भांडी माळ्यावर चढवली, आजोबांनी देव डोक्यावर घेतले, हेही ऐकलेलं. पण मुलीने विचारलं, "आजी, तुझी शाळा?" आई म्हणाली की त्या वर्षी तिची मॅट्रिक होती. पुस्तकं, वह्या सगळं चिखलात गेलं. मार्चला ती परीक्षेला बसलीच नाही, आणि पुढच्या वर्षी लग्न ठरलं. मुलगी म्हणाली, "तुला कुठला विषय आवडायचा?" मी मनात म्हटलं, मराठी असेल, नाहीतर इतिहास.

आई म्हणाली, "गणित. भूमिती. मास्तर म्हणायचे, पोरी, तू पुढे शिक." थोडा वेळ रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. मग ती म्हणते, "म्हणून तुझ्या आईच्या वेळी मी यांना म्हटलं, काही झालं तरी तिला सायन्सलाच घाला. माझं राहिलं."

तीस वर्षं मी बाबांना दोष देत आले. ते गेले तरी मनातून देत होते. आईने कधी सांगितलं नाही, आणि मला तिला विचारायचं सुचलं नाही. गोदावरीचा सगळा नकाशा न बघता काढणारी मी, माझ्याच घरातलं हे मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीने ते एका शाळेच्या असाइनमेंटमध्ये काढलं.

दादा, माझं मत बदललेलं नाही. पोराला आर्ट्स घेऊ दे. पण तू जे म्हणतोस ते कुठून आलं हे मला आता कळलं, आणि मी तुला ज्या आवाजात लिहिलं त्या आवाजात परत लिहिणार नाही. त्याच्या अकरावी प्रवेशाच्या फॉर्मचा भाग दोन भरायला अजून तीन दिवस आहेत. त्याआधी एकदा त्याला आपल्या आईशेजारी बसव आणि दोघांना बोलू दे. मी फोनवर असेन, मधे बोलणार नाही.