पाटकऱ्याचं काय?

गेल्या आठवड्यात धुळ्याला घरी होतो. दुपारी लाइट गेली, लॅपटॉपला चार्जिंग होतं, म्हणून एक्सझेड प्रकरणावरचं साठवून ठेवलेलं सगळं एकदाचं वाचून काढलं.

एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं साधन. लिनक्सच्या सर्व्हरवर ते असतंच, कुणी नावही घेत नाही. फिनलंडचा लासे कॉलिन ते एकटा सांभाळायचा, फुकट. मनाची तब्येत बरेच दिवस ठीक नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने २०२२ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं. तरी 'जिगर कुमार' वगैरे नावांनी तगादा चालूच: जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. (नाव वाचून वाटलं, आपलाच कुणीतरी! पण ती खाती बनावट असावीत असाच सगळ्यांचा होरा आहे.) तो दुसरा, 'जिया टॅन', मदतीला हजर होताच. दोन वर्षांहून जास्त काळ निमूट काम केलं, विश्वास कमावला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला, म्हणजे परक्याला सर्व्हरमध्ये गुपचूप शिरायची वाट. तोही चाचणीच्या फायलींच्या पोटात.

सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर चाचण्या घेत होता आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आमच्या कंपनीत पेज उघडायला सहा सेकंद लागले तरी 'नेट स्लो असेल' म्हणून तक्रारीचं तिकीट बंद होतं. २९ मार्च २०२४ ला त्याने ते जगजाहीर केलं. माल तोवर बहुतेक चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, म्हणून निभावलं.

संध्याकाळी ओट्यावर मामांना हे सांगितलं. मामा साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे, फडाच्या पाण्यावर शेती केलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग त्या पाटकरीले काय देतस रे तुम्ही?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी फिरवायची आपली फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं पीक एकच. पाणी वाटायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला पाणी घेणाऱ्यांनीच द्यायचा. पाटातला गाळही सगळ्यांनी मिळून काढायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पाणी सगळ्यांना पाहिजे, पाटकरी मात्र कुणाचाच नाही.

'एनपीएम इन्स्टॉल' ही इतरांनी लिहिलेल्या फुकट कोडची पॅकेजेस आपल्या कामात ओढून घ्यायची आज्ञा. ती दिली की शेवटी एक ओळ येते: इतकी पॅकेजेस मदतनिधी शोधत आहेत. रोज बघतो. परवा पहिल्यांदा आकडा वाचला, १४६. एकालाही आजवर दमडी दिलेली नाही.

युरोपने २०२४ मध्ये सायबर रेझिलिअन्स ॲक्ट आणला. त्यात जबाबदारी माल विकणाऱ्यावर टाकली, छंद म्हणून कोड लिहिणाऱ्याला मोकळं सोडलं. हे मला पटतं. पण त्याने पाटकऱ्याचं पोट भरत नाही. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने त्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी निदान लाजेकाजेस्तव तरी काही करावं.

सोमवारी मॅनेजरला मेल टाकला: आपण ज्यांच्यावर उभे आहोत अशा पाच प्रकल्पांना महिन्याला थोडे थोडे पैसे देऊ. उत्तर आलं, "कल्पना छान आहे, पण हा खर्च कुठल्या हेडखाली दाखवायचा?"

सर्व्हरच्या बिलाखाली दाखवा, असं कळवलंय. अजून उत्तर नाही.