‘एकाही मौलवीने निषेध केला नाही’ हे धादांत खोटं आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. तो वाचून आईने मला विचारलं, “खरं आहे का गं हे?” त्यात चार दावे आहेत. आत्मघाती हल्ल्यांविरुद्ध आजवर एकाही मौलवीने फतवा काढलेला नाही. असा हल्लेखोर इस्लाममध्ये शहीद ठरतो. कुराणातच ‘दिसतील तिथे मारा’ असा हुकूम आहे. आणि फतवा काढला तरी त्याला कुणी विचारत नाही. आमच्याच मजल्यावर दोन मुसलमान कुटुंबं राहतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिल्या दाव्याचा सगळ्यात जास्त संताप येतो, कारण असे फतवे काढणाऱ्या माणसांनी त्यासाठी जीव गमावले आहेत. लाहोरच्या जामिया नईमिया मदरशाचे प्रमुख मुफ्ती सरफराज नईमी आत्मघाती हल्ले हराम आहेत असं उघडपणे सांगत आणि तालिबानचं नाव घेऊन बोलत. 12 जून 2009 ला शुक्रवारची नमाज झाल्यावर ते मदरशातल्या आपल्या खोलीत लोकांना भेटत असताना एक तरुण अंगावर स्फोटकं बांधून आत शिरला. नईमी त्यात मारले गेले. त्याआधी, सप्टेंबर 2007 मध्ये, पेशावरचे मौलाना हसन जान यांची हत्या झाली. ते देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान, माजी खासदार. त्यांनीही अशा हल्ल्यांविरुद्ध फतवा दिला होता. रमजानचे दिवस होते. निकाह लावायचाय असं सांगून त्यांना घरातून बोलावून नेलं आणि गोळ्या घातल्या. आणि आपण इथे पंख्याखाली बसून ‘एकही बोलला नाही’ असं पुढे ढकलायचं?

आपल्याकडचं बघायचं तर 31 मे 2008 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर हजारोंच्या सभेत दारुल उलूम देवबंद या उत्तर प्रदेशातल्या मोठ्या मदरशाचा दहशतवादविरोधी फतवा जाहीर झाला. मार्च 2010 मध्ये पाकिस्तानी धर्मपंडित ताहिर-उल-कादरींनी लंडनमध्ये सुमारे 600 पानांचा फतवा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये पाकिस्तानात 1,800 हून जास्त उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, सह्यांचा ‘पैगाम-ए-पाकिस्तान’ हा फतवा आला. त्यातही आत्मघाती हल्ले हरामच ठरवलेत. शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता ‘शहीद’. सहीह बुखारीत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या संग्रहात, एक प्रसंग आहे. लढाईत एक माणूस असा काही लढला की सगळे त्याची वाहवा करू लागले. पैगंबर मात्र म्हणाले, हा नरकात जाणारा आहे. ऐकणाऱ्यांना पटेना, म्हणून एक जण त्याच्या मागावर राहिला. तो लढणारा माणूस जबर जखमी झाला, वेदना सोसवेनात, तेव्हा त्याने तलवारीची मूठ जमिनीवर टेकवली, टोक छातीला लावलं आणि स्वतःला त्यावर झोकून दिलं. म्हणजे रणांगणावर, पैगंबरांच्याच बाजूने लढणाऱ्यालाही स्वतःचा जीव घेतल्यावर माफी नाही. मग बाजारात भाजी घेणाऱ्या बायकांमध्ये जाऊन स्वतःला उडवणारा कुठून शहीद होणार?

आणि हे मुंबईच्या माणसाने तरी विसरू नये. 26/11 नंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. हे मुसलमान असूच शकत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. शेवटी जानेवारी 2010 मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले.

‘दिसतील तिथे मारा’ ही आयत कुराणात आहे, नववा अध्याय, पाचवी. ती करार मोडणाऱ्या तेव्हाच्या टोळ्यांबद्दल आहे, आणि लगेच सहावीत म्हटलंय की त्यांच्यापैकी कुणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. मेसेज बनवणाऱ्याने नेमकी सहावी गाळली.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. सगळे उलेमा एका सुरात बोलले नाहीत. अरब जगतातले नामांकित धर्मपंडित युसूफ अल-करदावींसारख्या बड्या नावाने इस्रायलविरुद्धच्या अशा हल्ल्यांना वर्षानुवर्षं मुभा दिली. ‘पैगाम-ए-पाकिस्तान’ फक्त पाकिस्तानपुरतं बोलतो, काबूलमधल्या स्फोटांचं काय, असं अफगाण लोकांनी विचारलं आणि त्यांचं बरोबरच होतं. पण ‘काही जणांनी पळवाटा ठेवल्या’ आणि ‘एकही बोलला नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

राहिला फतव्यांना कुणी विचारत नाही हा दावा. 4 जून 2018 ला काबूलमध्ये लोया जिरगाच्या, म्हणजे अफगाणांच्या पारंपरिक महासभेच्या, तंबूत दोन हजारांच्या आसपास उलेमा जमले आणि आत्मघाती हल्ले हराम असल्याचा फतवा त्यांनी एकमुखाने दिला. सभा संपून ते बाहेर पडत असतानाच दारापाशी आत्मघाती हल्लेखोराने स्फोट केला. जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. फतव्याने हल्ले थांबले नाहीत, हे उघड आहे. पण त्या कागदाला काडीची किंमत नसती, तर तो देणाऱ्यांना उडवायला त्यांनी माणूस कशाला पाठवला असता?