मेरी ट्यूडर, तिचा कायदा आणि तिचं लग्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

१५५३-५४ च्या इंग्लंडवर, म्हणजे आठव्या हेन्रीची कॅथलिक मुलगी मेरी ट्यूडर हिच्या गादीवरच्या पहिल्या वर्षावर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. चार ओळींत संपणारा हा वाद नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: एक, मी 'ब्लडी मेरी'ला धुऊन-पुसून स्वच्छ केलं. दोन, 'बाई असल्यामुळे अडचण' हा आजचा चष्मा आहे. तेव्हाचे लोक धर्मासाठी आणि जमिनीसाठी भांडत होते. तीन, तीच गादी पाच वर्षांनी तिची सावत्र बहीण एलिझाबेथ हिने सहज पेलली, म्हणजे दोष खुर्चीचा नव्हता, बसणारीचा होता; जोडीला आपल्याकडच्या ताराबाईंचा दाखला. आणि शेवटी एक प्रश्न: मेरी एवढी हुशार होती, तर तिने आपल्या नवऱ्याला, स्पेनच्या फिलिपला, 'राजा' का म्हणवू दिलं?

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मेरीच्या कारकिर्दीत २८० हून अधिक माणसं पाखंडी ठरवून जिवंत जाळली गेली. त्याला कुठलीही सबब नाही आणि मी ती दिलेलीही नाही. पण ही जाळपोळ फेब्रुवारी १५५५ मध्ये जॉन रॉजर्सपासून सुरू झाली आणि माझा लेख जुलै १५५४ च्या लग्नापाशी थांबतो. पुढे काय घडलं ते डोक्यात ठेवून आधीचं वर्ष वाचलं, की त्या वर्षात खरोखर काय चाललं होतं ते दिसेनासं होतं. तक्रार आहे ती एवढीच.

दुसरा मुद्दा मात्र तुमचा सर्वांत भक्कम आहे, कारण वरवर पाहता पुरावा तुमच्या बाजूने आहे. मेरीचा सावत्र भाऊ सहावा एडवर्ड याच्यानंतर हेन्रीच्या घराण्यात गादीवर हक्क सांगू शकतील अशा जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. लढत झाली तीही हेन्रीच्या बहिणीची नात जेन ग्रे विरुद्ध मेरी. दोन्ही बाजूंना बाईच, मग बाईपणाचा प्रश्न आलाच कुठे, असं तुम्ही म्हणता.

तो आला तो थेट राजाच्या हस्ताक्षरात. एडवर्डने मरणाआधी वारसाहक्काचा जो कच्चा मसुदा स्वतः लिहिला, तो कागद आजही लंडनमध्ये इनर टेंपलच्या ग्रंथालयात आहे. पंधरा वर्षांच्या त्या आजारी मुलाने दोन्ही सावत्र बहिणींना तर वगळलंच, पण मुळात गादी कुठल्याच बाईला जाऊ नये अशी तजवीज केली होती. ती जायची होती 'जेनच्या मुलग्यांना', तिच्या पोटी पुढे होतील त्यांना. अडचण एवढीच, की तोवर कोणालाच मुलगा झालेला नव्हता आणि राजा तर अंथरुणाला खिळलेला. मग त्याच ओळीत थोडी खाडाखोड झाली, वर दोन शब्द घुसवले आणि मजकूर झाला 'जेनला आणि तिच्या मुलग्यांना'. जेन ग्रेची नऊ दिवसांची कारकीर्द या खाडाखोडीतून जन्मली. प्रॉटेस्टंट धर्म वाचवण्याची तळमळ त्यात होतीच, ते मान्य. पण फक्त धर्माचाच प्रश्न असता तर पहिल्याच खर्ड्यात प्रॉटेस्टंट जेनचं नाव सरळ लिहायला कोणाची हरकत होती?

आणि जेन गादीवर बसल्यावर पहिला खटका कशावरून उडाला? तिनेच नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, खजिनदार मार्क्विस ऑफ विंचेस्टर मुकुट घेऊन आला आणि म्हणाला, घालून बघा, तुमच्या नवऱ्यासाठीही एक घडवून घेऊ. बाई राणी झाली तर तिचा नवरा आपोआप राजा, हे तो गृहीतच धरून चालला होता. जेनने ठाम नकार दिला: ड्यूक करीन, राजा नाही. त्यावर नवरा आणि सासूबाई दोघंही रुसून बसले. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला पहिल्याच दिवसांत जो प्रश्न पडला, तोच पुढे मेरीच्या पदरी आला, फक्त शंभरपट मोठा होऊन.

आता मेरीच्या राज्याभिषेकाकडे वळू, कारण 'आजचा चष्मा' या आरोपाला तिथल्या बारीकसारीक गोष्टी चोख उत्तर देतात. १ ऑक्टोबर १५५३. इंग्लंडमध्ये स्वतःच्या हक्काने गादीवर बसणाऱ्या बाईला अभिषेक करण्याची ही पहिलीच वेळ. बाराव्या शतकातल्या मटिल्डाचं लंडनमध्ये अभिषेकापर्यंत काही जमलं नव्हतं. त्यामुळे दरबाऱ्यांच्या पोथ्यांत दोनच विधी होते: एक राजाचा, दुसरा राजाच्या बायकोचा. आदल्या दिवशीच्या मिरवणुकीत मेरी राजाच्या बायकोसारखी रथात बसून गेली. डोक्यावरचं जडजवाहीर इतकं जड, की हाताने डोकं सावरून धरावं लागत होतं असं बखरकार लिहितो. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत मात्र अभिषेक झाला तो राजाचा: तलवार, टाचांच्या आरा, सगळं. हातात राजदंड दोन दिले, एक राजाचा आणि एक राणीला देतात तो. 'नाइट ऑफ द बाथ', म्हणजे स्नानाच्या विधीने दिली जाणारी सरदारकी, त्या विधीत तर पेचच पडला. उमेदवार स्नानाच्या टबात, आणि राजाने तिथे जाऊन त्यांना सरदारकीची शपथ द्यायची. राणी तिथे जाणार कशी? शेवटी तिच्या वतीने अर्ल ऑफ अरुंडेलला धाडलं. हसू येतं खरं, पण राज्यकारभाराची प्रत्येक कळ पुरुषाच्या देहाला जोडून बसवलेली होती हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. राजाचं शयनगृह हे हेन्रीच्या काळात सत्तेचं केंद्र होतं; तिथले पुरुष सेवक कागदावर सही कधी होणार, कोणाला भेट मिळणार हे ठरवत. मेरीच्या शयनगृहात बायका आल्या आणि ती सगळी साखळी एका रात्रीत तुटली.

याच संदर्भात एप्रिल १५५४ चा राजसत्तेचा कायदा बघा. मी मूळ लेखात त्याला दोनच ओळी दिल्या होत्या आणि तुम्ही त्याला 'कागदी औपचारिकता' म्हणालात. कायदा सांगतो की राजाला जे जे अधिकार आहेत ते सगळे, तेवढेच आणि तसेच, राणीला आहेत. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण हा कायदा दुधारी आहे. इंग्लंडचे जुने कायदे जिथे तिथे 'राजा' म्हणतात. राजाने अमुक करावं, राजाने संसदेशिवाय तमुक करू नये. कोणी म्हणालं असतं की राणीला हे अधिकारच नाहीत, तर पंचाईत. आणि कोणी म्हणालं असतं की राणीला ही बंधनंच नाहीत, तर त्याहून मोठी पंचाईत. पुढे एलिझाबेथच्या काळात विल्यम फ्लीटवूड या वकिलाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे: कोणीतरी मेरीला एक टिपण दिलं, की कायद्यांत राणीचं नावच नाही, तेव्हा तुम्ही विजेत्यासारखं मनाला येईल तसं राज्य करा. मेरीने ते विस्तवात टाकलं आणि चॅन्सलर गार्डिनरने हा कायदा आणला. गोष्ट खरी की रचलेली हा वेगळा विषय, पण ही पळवाट तेव्हाच्या वकिलांना नेमकी दिसली होती एवढं तिच्यावरून कळतं.

त्या अधिवेशनातला हा पहिला कायदा. दुसरा कोणता, तर राणीच्या लग्नाच्या कराराचा. हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

इंग्लंडच्या सामान्य कायद्यात लग्न झालं की बायकोच्या मालमत्तेचा ताबा नवऱ्याकडे जाई. मूल झालं असेल तर बायको गेल्यावरही तिची जमीन हयातभर त्याच्याकडेच राही. हे जमीनदारांच्या घरात रोज घडत होतं, त्यामुळे खासदारांना ते तोंडपाठ होतं. मग राज्य हीसुद्धा राणीची मालमत्ताच की! नोव्हेंबर १५५३ मध्ये कॉमन्स सभेचं शिष्टमंडळ 'लग्न देशातल्याच माणसाशी करा' असा अर्ज घेऊन आलं, तेव्हा तिने त्यांना खडसावून परत पाठवलं. पण देशातला माणूस म्हणजे तरी कोण? एखाद्या सरदाराशी लग्न करावं तर तो घरातला धनी आणि दरबारातला प्रजाजन, बाकीचे सरदार जळून खाक. परका राजपुत्र करावा तर देश त्याच्या घशात. लग्न न करावं तर वारस नाही, आणि बहीण एलिझाबेथ दारात उभी. कुठेही पाय टाकला तरी खड्डा. मेरीने स्पेनचा फिलिप निवडला, आणि जानेवारी १५५४ संपायच्या आत केंटमध्ये सर टॉमस वायटचं बंड उभं राहिलं. लंडनहून बंडखोरांवर पाठवलेली शिबंदी त्यांनाच जाऊन मिळाली. धर्माचा भाग त्यात होताच, पण वायटने उघडपणे लोकांना हाक दिली ती स्पॅनिश लग्नाविरुद्ध.

१ फेब्रुवारीला मेरी गिल्डहॉलमध्ये नागरिकांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की अभिषेकाच्या वेळी माझं राज्याशी लग्न लागलं, ही अंगठी तेव्हापासून बोटातून निघालेली नाही. १५५९ मध्ये एलिझाबेथने कॉमन्सला अंगठी दाखवून हेच ऐकवलं असं नंतरचा इतिहासकार सांगतो, आणि आपण सगळे ते एलिझाबेथचं म्हणून वाचत आलो.

तुमचा तिसरा मुद्दा यातच निकालात निघतो असं मला वाटतं. एलिझाबेथला राजसत्तेचा कायदा नव्याने करावा लागला नाही, तो होता. बाईला अभिषेक कसा करायचा हे माहीत होतं. बाईच्या शयनगृहाभोवती दरबार कसा चालतो हे अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. परक्याशी लग्न केल्यावर काय होतं, याचा धडा तर तिने डोळ्यांनी बघितला होता. मेरीचं मंत्रिमंडळ चाळीसच्या आसपास फुगलेलं होतं, कारण संकटात साथ देणारे स्वतःच्या घरचे जुने नोकर आणि जेनच्या बाजूने सह्या करणारे जाणते कारभारी या दोघांनाही तिला सांभाळायचं होतं. एलिझाबेथने ते जवळपास निम्म्यावर आणलं आणि सेसिलला तिसऱ्याच दिवशी सचिव केलं. तिच्या कर्तबगारीला मी कमी लेखत नाही. पण तिच्याही वाट्याला बाईपणाचा प्रश्न आलाच: यॉर्कचा आर्चबिशप हीथ १५५९ मध्ये लॉर्ड्समध्ये उभा राहून म्हणाला की बाई चर्चची प्रमुख होऊ शकत नाही, आणि नव्या कायद्यात तिचं पद 'सर्वोच्च प्रमुख' न राहता 'सर्वोच्च शासक' झालं. जेनला मुकुट नेऊन देणारा तो विंचेस्टर आठवतोय? मेरीने त्यालाच खजिनदार ठेवला, एलिझाबेथनेही, आणि १५७२ मध्ये म्हातारपणाने मरेपर्यंत तो त्याच जागेवर होता. अस्सल लव्हाळ्याच्या जातीचा माणूस.

ताराबाईंचा दाखला तुम्ही दिलात. पण १७०० मध्ये राजारामांच्या मागे त्यांनी कारभार हाती घेतला तो मुलाच्या नावाने. मुलासाठी आईने राज्य चालवणं जगभर ओळखीचं होतं. मेरीच्याच काळात स्कॉटलंडमध्ये मेरी ऑफ गीझ आपल्या मुलीसाठी तेच करत होती. स्वतःच्या नावाने, कोणाची आई किंवा बायको म्हणून नव्हे, ही अडचण निराळी.

राहिला फिलिपचा प्रश्न. त्याला 'राजा' म्हणू द्यावंच लागणार होतं. नवऱ्याला बायकोच्या खालचा हुद्दा देणं स्पेनच्या राजघराण्याने मान्य केलं नसतं, आणि सरकारी कागदांवर 'फिलिप आणि मेरी' असं त्याचं नाव पहिलं आलं ते त्यामुळेच. पण करार वाचा. परदेशी माणसाला इंग्लंडमध्ये पद द्यायचं नाही, राणीला तिच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर न्यायचं नाही, फ्रान्सशी चाललेल्या युद्धात इंग्लंडला ओढायचं नाही, आणि राणी निपुत्रिक गेली तर त्याचा हक्क तिथेच संपला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये लग्न लागताना मेरी उजव्या बाजूला उभी होती आणि फिलिप डाव्या. त्याला इंग्लंडचा राज्याभिषेक कधीच झाला नाही. १५५७ मध्ये फ्रान्सच्या युद्धात उतरण्याच्या वेळी करारातलं ते एक कलम गळून पडलं आणि जानेवारी १५५८ मध्ये फ्रान्समधलं इंग्लंडच्या ताब्यातलं कॅले बंदर गेलं, तिथे तुमची टीका मला मान्य आहे. पण नोव्हेंबरमध्ये मेरी वारली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर फिलिपने हक्क सांगितला नाही. त्याने एलिझाबेथकडे मागणं घातलं, आणि तिने ते नाकारलं.