गरिबी मोजायला हरकत नाही, श्रीमंती मोजायला आहे

आज दुपारी माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या पीएच.डी.च्या संशोधन आराखड्यावर समितीने शेरा मारला आहे की, शीर्षकातील 'उत्पन्नातील विषमता' काढून टाकावी आणि त्या जागी 'दारिद्र्य निर्मूलनाच्या योजना' असा विषय घ्यावा, म्हणजे मंजुरीलाही अडचण येणार नाही आणि पुढे निधी मिळणेही सोपे जाईल. समितीतील एक ज्येष्ठ सदस्य बाहेर आल्यावर तिला आपुलकीने म्हणाले, "विषमतेचा अभ्यास करून कुणाचं करिअर होत नसतं, बाळ." समिती कुठली हे मी लिहिणार नाही, कारण त्याचा त्रास तिलाच होईल. पण फोन ठेवल्यापासून माझा संताप आवरत नाही.

करिअर होत नसतं? मग जगातील विषमता मोजणारे अर्थशास्त्रज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी गेली चाळीस वर्षे काय केले? ज्या युगोस्लाव्हियात समाजवाद आल्यामुळे वर्गभेद मिटले असे अधिकृतपणे मानले जात होते, त्याच देशातील विषमतेवर त्यांनी बेलग्रेड विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि १९८७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथे हा विषय नाजूक समजला जाई, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण समतेच्या नावावर चालणाऱ्या राजवटीला कोण किती मिळवतो याची मोजदाद आवडणार नाही. पण वॉशिंग्टनचे काय? तिथल्या एका नामवंत संशोधन संस्थेच्या प्रमुखाने त्यांना सांगितले होते की, शीर्षकात उत्पन्नाची किंवा संपत्तीची विषमता असेल तर आमचे संचालक मंडळ पैसे देण्याची शक्यता फार कमी. गरिबी कमी करण्याविषयी काही असेल तर मात्र जरूर देईल. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे. गरिबांविषयी कळवळा दाखवला की आपण चांगले दिसतो, विषमतेचा विषय काढला की आपले स्वतःचे उत्पन्न योग्य आहे का, हा प्रश्न उभा राहतो. जो शेरा वॉशिंग्टनमध्ये तोंडी मिळाला, तोच आज महाराष्ट्रातल्या एका मुलीच्या आराखड्यावर लेखी मिळाला आहे.

एम.ए. करत असताना मी सोलापुरात कुटुंबांच्या घरखर्चाच्या एका पाहणीत काम केले होते. पूर्वभागातील एका खोलीत विड्या वळणाऱ्या एका आजी होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री, आणि पत्र्याच्या मापाने तेंदूचे पान कापत कापत त्यांनी माझ्या लांबलचक अर्जातील प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. महिन्याभरात तेल किती लागले या रकान्यात मी दीड किलो लिहायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "दीड नको लिहू, पोरी. पाव किलो शेजारणीला उसनं दिलंय, ते माझ्या खर्चात कसं धरशील?" पुढे बरीच वर्षे मी राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशोब शिकवले, पण यापेक्षा चोख हिशोब माझ्या पाहण्यात नाही.

त्याच आठवड्यात होटगी रस्त्यावरच्या एका बंगल्याचे नाव माझ्या यादीत आले होते. फाटकावरच्या रखवालदाराने माझा अर्ज आत नेला आणि थोड्या वेळाने तसाच परत आणून दिला. "साहेब म्हणाले, आमच्याकडे असलं काही सांगत नाहीत." नियमाप्रमाणे त्या घराऐवजी पर्यायी घर घेतले गेले, आणि ते घर अर्थातच बंगला नव्हते.

मिलानोविच यांचे सारे काम असल्या अर्जांवर उभे आहे, म्हणून हे सांगते आहे. त्यांच्याआधी जागतिक विषमतेची चर्चा बहुतेक देशांच्या सरासऱ्यांवर चाले. एका देशाचे दरडोई उत्पन्न दुसऱ्या देशाच्या दरडोई उत्पन्नाशेजारी ठेवायचे, फार तर लोकसंख्येचा भार लावायचा. सरासरीत मात्र विडी वळणाऱ्या आजी आणि बंगल्यातले साहेब एकाच उत्पन्नाचे होतात. जागतिक बँकेच्या संशोधन विभागात असताना मिलानोविच यांनी ९१ देशांच्या कुटुंबपाहण्या गोळा केल्या, प्रत्येक देशातील किमतींचा फरक लक्षात घेऊन आकडे एका मापावर आणले, आणि २००२ मध्ये १९८८ व १९९३ या दोन वर्षांसाठी जगातील माणसांची एकत्र उतरंड मांडली. जगाच्या ८४ टक्के लोकसंख्येचा त्यात समावेश होता. सर्वांत श्रीमंत एक टक्का माणसांचे उत्पन्न तळाच्या ५७ टक्के माणसांच्या एकत्रित उत्पन्नाइतके आहे, हे त्यातून दिसले. कुठे उत्पन्न विचारलेले, कुठे खर्च विचारलेला, कुठे पाहणीचे वर्षच वेगळे. हे सगळे सांधण्यात वर्षे जातात, आणि त्या काळात वर्तमानपत्रात नाव येत नाही. अर्थशास्त्रातील मोठी माणसे तर या कामाकडे संशयाने पाहत होती. नोबेल मिळवलेले रॉबर्ट लुकास यांनी २००४ मध्ये लिहिले की, अर्थशास्त्राला घातक असलेल्या प्रवृत्तींपैकी सर्वांत विषारी प्रवृत्ती म्हणजे वाटपाच्या प्रश्नांवर लक्ष केंद्रित करणे. विषारी! तेल उसने दिले ते खर्चात धरू नको म्हणणाऱ्या बाईच्या वाट्याला किती येते, हे विचारणे विषारी.

लिहिता लिहिता आवाज चढतो आहे, पण मी शब्द मागे घेणार नाही.

२०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफ लाकनर यांच्यासह मिलानोविच यांनी जो आलेख मांडला, तो हत्तीसारखा दिसतो म्हणून त्याच नावाने प्रसिद्ध झाला. १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगाच्या उतरंडीवर कुठल्या पायरीचे उत्पन्न किती वाढले, हे त्यात दिसते. मधल्या पायऱ्यांवर मोठी वाढ झाली, आणि तिथे मुख्यतः चीनमधील आणि आशियातील इतर देशांतील माणसे होती. त्यापुढे श्रीमंत देशांतील कनिष्ठ मध्यमवर्ग होता, ज्याच्या हाती जवळजवळ काहीच पडले नाही. शेवटी सोंड वर गेलेली, तो सर्वांत वरचा एक टक्का. या आलेखावर टीका झाली आणि ती काही अंशी रास्त आहे: सोव्हिएत संघाचे विघटन आणि जपानचा मंदावलेला विकास यांमुळे श्रीमंत देशांतील कनिष्ठ मध्यमवर्गापाशी पडलेला खळगा अधिक खोल दिसतो. पुढच्या दशकात हत्तीचा तो आकारही राहिला नाही, आणि हे स्वतः मिलानोविच यांनीच मांडले. त्यांच्याच गणितानुसार जागतिक विषमतेचा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समता, शंभर म्हणजे सारे उत्पन्न एकाच्याच हाती) १९८८ मधील ६९.४ वरून २०१८ मध्ये ६० वर आला. विषमतेची ओरड करणाऱ्यांना हा आकडा अडचणीचा आहे, हे मी मान्य करते. पण जग अधिक समान होत असल्याचा दाखला जे उठताबसता देतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की ती घट कुणीतरी आयुष्यभर मोजली म्हणून त्यांना ठाऊक झाली. त्या माणसाने तरुणपणी शीर्षक बदलले असते तर हा आकडा आज कोणाच्याच हाती नसता.

आणि हा परका विषय आहे, असे मला कोणी सांगू नये. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालचे भारताचे दरडोई उत्पन्न वीस रुपये काढले आणि तुरुंगातल्या कैद्यावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना करून दाखवली. ती तुलना राज्यकर्त्यांना झोंबणारी होती आणि झोंबावी म्हणूनच केलेली होती. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा हिशोब मांडला. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, आणि दारिद्र्याचा अभ्यास कमी प्रतीचा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, दारिद्र्याचा अभ्यास करणारा विडीवाल्या आजींच्या खोलीतून परत येऊ शकतो, विषमतेचा अभ्यास करणाऱ्याला त्या बंगल्यातही जावेच लागते. समितीला नेमकी तीच अडचण असावी, असे मला आता वाटू लागले आहे.

मिलानोविच यांचा एक निष्कर्ष मी वर्गात दरवर्षी सांगते. जगातील माणसांच्या उत्पन्नांत जो फरक दिसतो, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग माणूस कुठल्या देशात राहतो यावरूनच ठरतो. हे सांगितले की वर्ग शांत होतो, कारण अमेरिकेच्या व्हिसासाठी धडपडणारे नात्यातले कोणीतरी प्रत्येकाला आठवते. माझ्या या विद्यार्थिनीने तेव्हा विचारले होते, "मॅडम, मग एकाच शहरातल्या दोन वॉर्डांचं काय?" तिचा विषय त्या प्रश्नातून आला आहे. तिची आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते. त्या घरांत मिळवणारे किती मिळवतात आणि आईच्या हातात किती पडते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. आता तिला ते नीट, शास्त्रशुद्ध रीतीने, इतर हजारो घरांसह मोजायचे आहे. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत, हे त्या सदस्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तिच्या घरची परिस्थिती पाहता ती काळजी मलाही आहे. रागाच्या भरात मी हे विसरलेले नाही. म्हणूनच मी तिला कोणताही हट्ट केला नाही, निर्णय तिच्यावर सोडला. शीर्षक बदलायचे नाही, असे ती स्वतः म्हणाली. पुढच्या बैठकीसाठीचे उत्तर आम्ही दोघी मिळून लिहिणार आहोत.

राहिला प्रश्न आकड्यांचा. आपल्या देशात खर्चाच्या पाहण्या नियमाने होत आल्या, उत्पन्नाची देशव्यापी पाहणी मात्र कधी रुजली नाही. पूर्वी प्रयत्न झाले होते, पण लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्चाच्या आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत असे, आणि ते काम मागे पडले. आता केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने कुटुंबांच्या उत्पन्नाची राष्ट्रीय पाहणी घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले आहे. माझ्या मित्रयादीत डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत, आयटी कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर असलेले माझे जुने विद्यार्थी आहेत. तुमच्यापैकी कुणाचे घर यादीत आले आणि अर्ज घेऊन एखादी मुलगी फाटकाशी उभी राहिली, तर तिला आत बोलवा, पाणी द्या, आणि पगार, भाडे, व्याज, शेतीचे उत्पन्न, जे असेल ते खरे सांगा. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी तासभर मुलाखत द्यायला जे तयार असतील त्यांनी मला मेसेज करावा. नावे गुप्त राहतील.