पुण्याची खुर्ची रिकामी होती तेव्हा

परवा मंडईतून मेट्रोने सिव्हिल कोर्टाला गेले. मधलं स्टेशन कसबा पेठ. ज्या गल्ल्यांमधून माझे वडील कणकेची खळ आणि पोस्टरं घेऊन रात्री फिरायचे, त्यांच्या खालून गाडी गेली आणि मला पुण्याचे दिवंगत खासदार, भाजपचे गिरीश बापट आठवले. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं तेव्हा ते पालकमंत्री होते. हा भुयारी तुकडा सुरू झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. २९ मार्च २०२३ ला ते गेले होते. स्वतःच्या मतदारसंघाखालून धावणारी मेट्रो त्यांना बघायला मिळाली नाही.

आधीच सांगते, मी उजव्या विचारांचीच मतदार आहे. आमच्या घरात जनसंघाची पणती होती, नंतर कमळ आलं. राममंदिर, ३७०, समान नागरी कायदा हे विषय आमच्याकडे जेवताना निघायचे. त्यामुळे पुढे जी तक्रार करणार आहे ती विरोधकाची समजू नका, घरच्या माणसाची समजा.

बापटांची ओळख आज लोक 'कसब्याचे पाच वेळचे आमदार' एवढ्यावर संपवतात. सुरुवात टेल्कोतल्या (आताची टाटा मोटर्स) नोकरीपासून झाली होती. आणीबाणीत १९ महिने तुरुंग. १९८३ मध्ये नगरसेवक. अण्णा जोशी १९९१ ला लोकसभेत गेले, कसब्याची पोटनिवडणूक लागली, बापटांना तिकीट मिळालं आणि ते पडले. काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले. कसबा म्हणजे भाजपचा बालेकिल्ला असं डोळे झाकून म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १९९५ ला ते जिंकले. १९९६ ला लोकसभेला सुरेश कलमाडींकडून हरले आणि परत पेठांमध्ये येऊन कामाला लागले. १९९५ ते २०१४ सलग पाच विधानसभा जिंकल्या. लोकसभेचं दार उघडलं ते २०१९ मध्ये, तेव्हा मताधिक्य तीन लाखांच्या वर होतं. लोकसभेच्या त्या पराभवापासून तिथवर यायला २३ वर्षं लागली! आज तिकीट नाकारलं की दुसऱ्या दिवशी गळ्यात दुसऱ्या पक्षाचं उपरणं दिसतं. म्हणून या २३ वर्षांची मला किंमत वाटते.

त्यांची मतं पक्षाचीच होती, त्यात आडपडदा नव्हता. पण हिंदुत्व मानणाऱ्या या माणसाची राष्ट्रवादीच्या अंकुश काकडेंशी आणि शांतिलाल सुरतवालांशी असलेली मैत्री सगळ्या शहराला माहीत होती. सभेत एकमेकांना सोलून काढायचं आणि संध्याकाळी एकत्र चहा घ्यायचा. काहींना ही मिलीभगत वाटायची. मला वाटत नाही. परंपरा जपायची म्हणणाऱ्या माणसाने शेजारही जपायला हवा, आणि पेठेत शेजारी काही पक्ष बघून मिळत नाही.

सगळं गोडच लिहायचं तर पोस्ट लिहायलाच नको. ते अन्न व नागरी पुरवठा मंत्री असताना २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. तेव्हा आमच्या घरी आमटी पातळ झाली, आणि मंत्री आपल्या पेठेतला आहे म्हणून मी गप्प बसले नाही. रेशन दुकानांत अंगठा लावायची ई-पॉस मशिनं आली ती त्यांच्या काळात, ते काम चांगलं झालं. जाहीर भाषणात त्यांची जीभ घसरायची, ते मला कधीच पटलं नाही. आणि पेठेतले जुने वाडे. मालकाला भाडं नावापुरतं, भाडेकरूला जायला जागा नाही, भिंतींना पावसाळ्यागणिक फुगवटा. त्यात शनिवारवाडा संरक्षित स्मारक असल्यामुळे २०१० च्या कायद्यानुसार त्याच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. कायदा दिल्लीचा आहे, एकट्या आमदाराच्या हातातला नाही, हे मला कळतं. पण पेठेने पिढ्यान् पिढ्या ज्या पक्षाला मत दिलं, त्या पक्षाने हा प्रश्न आपला मानून धसाला लावायला हवा होता. बापटांच्या हयातीत तो सुटला नाही.

फेब्रुवारी २०२३ चं ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक गेल्या होत्या, कसब्यात पुन्हा पोटनिवडणूक. केसरीवाड्यात बापट प्रचारासाठी व्हीलचेअरवर आले, नाकात ऑक्सिजनची नळी. बोलायला दम पुरत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. मी टीव्हीसमोर बसून रडले आणि रागावलेही. ते स्वतःहून आले असतील, अशा माणसाला घरी बसवत नाहीच. पण आजारी माणसाला थांबवायला हवं होतं, ते कोणी थांबवलं नाही. २ मार्चला निकाल लागला, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. सत्तावीस दिवसांनी बापट गेले.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लोकसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षाहून जास्त काळ होता. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, असं कायदा सांगतो. ती झाली नाही. निवडणूक आयोगाचं म्हणणं, इतर निवडणुकांची कामं आहेत आणि नव्या खासदाराला फार थोडा काळ मिळेल. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक तातडीने घ्या म्हणून आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो थेट जून २०२४ मध्ये. महापालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासक होता, म्हणजे नगरसेवकही नाहीत. चौदा महिने एवढ्या मोठ्या शहराला ना नगरसेवक, ना खासदार.

माझा राग आयोगापेक्षा आपल्या लोकांवर जास्त आहे. ज्याने चाळीस वर्षं पेठेत चपला झिजवल्या, त्याची खुर्ची इतके महिने रिकामी राहते आणि पक्षाचा एकही कार्यकर्ता रस्त्यावर येत नाही? कसबा हरल्यावर पुणं हरण्याची भीती वाटली असेल, तर तसं सांगायचं होतं. आम्ही मतदार आहोत, समजून घेतलं असतं. बापट कसब्याची पोटनिवडणूक हरले, १९९६ ला हरले, पुन्हा उभे राहिले. हरण्याच्या भीतीने लोकांसमोर जाणं टाळावं हे त्यांच्याकडून कोणी शिकलेलं नाही.

त्या काळात माझ्या नणंदेच्या यजमानांचं ऑपरेशन ठरलं. पंतप्रधान मदत निधीच्या अर्जाला खासदारांचं पत्र जोडलंत तर बरं, असं कोणीतरी सांगितलं. नणंद मला म्हणाली, "वहिनी, तू कसब्यातली, तुझी ओळख असेल. आपले खासदार कोण आहेत गं सध्या?"

मी म्हटलं, कोणी नाही. तिला वाटलं मला नाव आठवत नाहीये. तिने दोनदा विचारलं.